ऑफिसच्या नॅसवरचे स्नॅपशॉट: घेणं सोपं आहे, परत आणताना काय करता?

उंबरठा

गेल्या मंगळवारी आमच्या ऑफिसात जे झालं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते. दादरला आर्किटेक्टचं ऑफिस आहे, माणसं चौदा. हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याकडे. ड्रॉइंगं, मनपाला सादर केलेले नकाशे, साइटचे फोटो, सल्लागारांची पत्रं, सगळं एका चार डिस्कांच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या साठवणीच्या डब्यावर असतं.

मंगळवारी दुपारी साडेचारला एका सहकाऱ्याने हाक मारली. मुलुंडच्या पुनर्विकासाचं तळमजल्याचं ड्रॉइंग उघडलं तर जिना जुन्याच जागी. तो आम्ही दहा दिवसांपूर्वी हलवला होता. दुसरं ड्रॉइंग उघडलं, तेही जुनं. मग उलगडा झाला. पावसामुळे एक जण दोन आठवडे घरून काम करत होता आणि त्याच्या लॅपटॉपवर त्या प्रकल्पाची प्रत होती. मंगळवारी तो ऑफिसला आला, लॅपटॉप जोडला आणि सिंक करताना दिशा उलटी निवडली गेली. त्याच्याकडची जुनी प्रत नॅसवरच्या ताज्या फाइलींवर जाऊन बसली. २१२ फाइली, वेळ सकाळी सव्वाअकरा. त्या मुलाचा चेहरा बघवत नव्हता.

अशा वेळी रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून तो अनेक डिस्कांवर मांडायची पद्धत, काही करू शकत नाही. डिस्क बंद पडली तर रेड वाचवतं, पण चुकीची फाइल आली तर तीही तितक्याच चोखपणे सगळ्या डिस्कांवर लिहितं. हे मी आधीच्या नोकरीत भोगलंय. गिरगावात छपाईच्या एका ठिकाणी दिवाळी अंकाच्या लावून झालेल्या पानांचं फोल्डर कुणाच्या तरी हातून पुसलं गेलं. दोन डिस्कांचं मिरर होतं, म्हणजे एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर. पण स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणी डेटा जसा होता तसा जपून ठेवलेल्या नोंदी, नव्हते. तीन रात्री बसून आम्ही अंक पुन्हा लावला. ज्या जाहिरातदारांकडून मजकूर पुन्हा मिळाला नाही, त्यांची पानं गेली ती गेलीच. म्हणून इथे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्नॅपशॉट लावून घेतले. सकाळी आठ ते रात्री नऊ दर तासाला एक, हे दोन दिवस राहतात. रोज रात्रीचा एक, तो तीस दिवस. रविवारचा एक, तो तीन महिने.

तर अकरा वाजताचा स्नॅपशॉट हाताशी होता, गोंधळाच्या फक्त पंधरा मिनिटं आधीचा. सर म्हणाले, "मग सगळं अकराला नेऊन ठेव, बटण आहे ना?"

बटण आहे. त्या बटणासाठीच हा धागा काढलाय.

त्याच शेअरमध्ये, म्हणजे नॅसवरच्या सामायिक फोल्डरमध्ये, बाकीचे सगळे प्रकल्प आहेत. अकरा ते साडेचार सगळं ऑफिस काम करत होतं. एका प्रकल्पासाठी अख्खा शेअर मागे नेला असता तर सगळ्यांचे साडेपाच तास पुसले गेले असते, आणि तेही माझ्या हातून. मी आधी सगळ्यांना मुलुंडच्या फाइली बंद करायला लावल्या. मग साडेचारला जसं होतं तसंच, बिघडलेल्या स्थितीचा, एक स्नॅपशॉट हाताने घेतला आणि तो आपोआप पुसला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप लावलं. माझं पुढे काही चुकलं तर निदान इथवर तरी परत येता यावं. नंतर अकराच्या स्नॅपशॉटमधून फक्त मुलुंडचं फोल्डर उतरवून घेतलं, तेही मूळ जागी नाही, वेगळ्या जागी. मग एकेका फाइलीची तारीख आणि आकार ताडून पाहिला.

२०५ फाइली सरळ परत ठेवता आल्या. उरलेल्या सात फाइलींनी खरा वेळ खाल्ला. त्या सव्वाअकरानंतर कुणीतरी उघडल्या होत्या आणि जुन्या झाल्यात हे न कळता त्यांच्यावरच काम केलं होतं. म्हणजे आजचं काम होतं, पण मधले दोन आठवडे गायब. अकराच्या प्रतीत दोन आठवडे होते, पण आजचं काम नव्हतं. दोघांनी शेजारी बसून दोन्ही प्रती उघडल्या आणि हाताने जुळवल्या. साडेसहाला आम्ही मोकळे झालो.

स्नॅपशॉट कसे लावायचे हे प्रत्येक डब्याच्या माहितीपुस्तकात असतं. पण गरज पडते तेव्हा दहा माणसं मागे उभी असतात, आणि त्या वेळी काय करायचं आणि काय करायचं नाही यावर मराठीत फारसं बोललेलं मला सापडलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

निवडुंग

उंबरठाताई, लेख आवडला. आमच्या वसईच्या कारखान्यात असाच डबा आहे, पण स्नॅपशॉट बंद ठेवलेत. साडेतीन टीबी डेटा आहे. तासाला एक प्रत घ्यायची तर जागा पुरणार कशी, असं वाटून कधी हात लावला नाही. हा हिशेब कुणी समजावेल का?

तारकर्ली

निवडुंग, ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते, कारण "प्रत" या शब्दाने घोळ होतो. स्नॅपशॉट घेताना कशाचीच प्रत होत नाही.

सातबारा आठवा. जमीन विकली गेली की फेरफार होतो. जुन्या मालकाचं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात आणि नवं नाव लिहितात. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती, साधारण अशाच चालतात. फाइल बदलली की बदललेला भाग डिस्कवर नव्या जागी लिहिला जातो आणि आतली अनुक्रमणिका त्या नव्या जागेकडे वळवली जाते. जुना भाग होता तिथेच असतो. एरवी ती जागा मोकळी समजून पुढे वापरली जाते. स्नॅपशॉट म्हणजे एवढंच सांगणं, की या क्षणाची अनुक्रमणिका जपा आणि ती ज्या ज्या जागांकडे बोट दाखवते त्यांना हात लावू नका. म्हणून तुमचे साडेतीन टीबी असोत की तीस, स्नॅपशॉट सेकंदाभरात होतो आणि घेतल्या घेतल्या जवळजवळ काहीच जागा खात नाही. पुढे जेवढं बदलेल किंवा पुसाल तेवढीच जागा अडकते.

मात्र बरेच प्रोग्रॅम छोटा बदल केला तरी सेव्ह करताना पूर्ण फाइल नव्याने लिहितात. तेव्हा दोन ओळींच्या बदलासाठीही अख्ख्या फाइलीएवढी जागा जाते. म्हणून ऑफिसगणिक आकडा वेगळा येतो. तुम्ही महिनाभर चालू ठेवून बघा, आकडा डबाच दाखवेल.

ही विद्या नवी नाही. नेटॲपच्या साठवण यंत्रांत ती १९९० च्या दशकापासून आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस २००५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सगळ्यांना खुलं केलं. बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आलं. मोठ्या कंपन्यांपुरती असलेली सोय आता दोन डिस्कांच्या घरगुती डब्यातही मिळते, आणि लोक ती बंद ठेवतात याचं मला फार वाईट वाटतं.

(मी ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये आहे, साठवण हेच काम.)

रेतीबंदर

जागेवरून विचारतो. आमचा गोरेगावला व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. गेल्या महिन्यात नॅस ९१ टक्के भरला म्हणून जुन्या रेंडर फाइली पुसल्या, १.२ टीबी. मोकळी जागा एक जीबीनेही वाढली नाही. रात्री अकरा वाजता घाबरून सगळे स्नॅपशॉट पुसले, मग जागा आली. हे बरोबर केलं का?

तारकर्ली

जागा आली, पण त्या क्षणी तुमच्याकडे मागे जायचा एकही रस्ता उरला नाही. पुसलेल्या रेंडर फाइली जुन्या स्नॅपशॉटमध्ये होत्या, म्हणून जागा अडकली होती. सगळ्यात जुन्यापासून एकेक काढत गेला असता तर पुरेशी जागा झाल्यावर थांबता आलं असतं.

रेंडर, कॅशे, प्रॉक्सी अशा पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींसाठी वेगळा शेअर करा आणि त्यावर स्नॅपशॉट लावूच नका. मूळ चित्रीकरण आणि प्रोजेक्ट फाइली एका शेअरमध्ये, हा पसारा दुसऱ्यात. आणि नॅस ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. या प्रकारच्या फाइल सिस्टिमला प्रत्येक बदलासाठी मोकळी जागा लागते. काही डबे जागा संपत आली की जुने स्नॅपशॉट आपणहून पुसतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

रेतीबंदर

वेगळा शेअर आजच करतो. धन्यवाद दादा.

करंजा

उंबरठा यांच्या प्रसंगात सिंकने घात केला, त्यावरून आठवलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला तेव्हा इथे न्हावा-शेवाच्या एका टर्मिनलचं काम थांबलं आणि बंदराबाहेर कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगा लागल्या. ते टर्मिनल चालवणारा समूह म्हणजे मर्स्क, डेन्मार्कची जहाज कंपनी. जगभरची त्यांची यंत्रणा कोसळली. नंतर त्यांच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे करावे लागले.

यातला एक तपशील मी कधी विसरत नाही. कुणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणजे एक गेला तर दुसऱ्यावर माहिती आहेच, अशी रचना. हल्ल्यात सगळे एकदम गेले. वाचला एकच, घानामधल्या ऑफिसातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका सर्व्हरवरून बाकीचं परत उभं केलं.

म्हणून विचारतो, नॅसवरचे स्नॅपशॉट रॅन्समवेअरपुढे, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे, टिकतात का?

तारकर्ली

रॅन्समवेअर कुणाच्या नावाने आत शिरलंय त्यावर ठरतं.

साध्या कर्मचाऱ्याच्या पीसीवर रॅन्समवेअर आलं तर ते त्या कर्मचाऱ्याला दिसणाऱ्या शेअरमधल्या फाइली कुलूपबंद करतं. स्नॅपशॉट फक्त वाचता येतात, त्यात लिहिता येत नाही. त्यामुळे आदल्या तासाची प्रत शाबूत राहते. उलट त्याची चाहूलही लागते: सगळ्या फाइली नव्याने लिहिल्या जातात, त्यामुळे स्नॅपशॉटनी अडवलेली जागा तासाभरात एरवीच्या कितीतरी पट वाढते. त्यावर ईमेलचा इशारा लावून ठेवा.

पण नॅसच्या ॲडमिनचा पासवर्ड हाती लागला तर हल्लेखोर आधी स्नॅपशॉटच पुसतो. म्हणून ॲडमिनचं खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही, त्याचा पासवर्ड पीसीवर साठवायचा नाही, दुहेरी पडताळणी लावायची, आणि नॅसचं पान राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. घरून हवं तर व्हीपीएनने या. सिनॉलॉजी कंपनीच्या डब्यांत, त्यांच्या डीएसएम प्रणालीच्या ७.२ आवृत्तीपासून, ठरावीक मुदतीपर्यंत ॲडमिनलाही पुसता न येणारे स्नॅपशॉट ठेवता येतात. झेडएफएसमध्ये होल्ड, म्हणजे स्नॅपशॉट पुसू न देणारी खूण, लावता येतो, पण ॲडमिन तो काढू शकतो. चुकून पुसण्यापासून तो वाचवतो, चोरापासून नाही.

आणि उंबरठाताई, रोलबॅकबद्दल, म्हणजे अख्खा शेअर मागे नेणाऱ्या तुमच्या त्या बटणाबद्दल, थोडं वेगळं म्हणतो. रात्री दोनला अख्खा शेअर कुलूपबंद झाला, कुणी कामावर नव्हतं, तर लाखो फाइली एकेक उतरवत बसण्यापेक्षा रोलबॅकच योग्य. सगळं सरसकट बिघडलं असेल तर सरसकट मागे जावं.

उंबरठा

हे मान्य आहे. माझा मुद्दा रोलबॅक कधीच करू नये असा नव्हता. आपण मागे गेलो तर कुणाचं काय जाईल, हे विचारल्याशिवाय करू नये. आमच्याकडे उत्तर होतं, सगळ्यांचे साडेपाच तास. तुमच्या उदाहरणात कुणाचंच काही जात नाही.

तारकर्ली

बरोबर. त्यात एक भर घालतो, कारण यात हात पोळलेली माणसं मी पाहिली आहेत. झेडएफएसमध्ये जुन्या स्नॅपशॉटवर रोलबॅक केला की त्याच्यानंतरचे सगळे स्नॅपशॉट नष्ट होतात. आज्ञा आधी नकार देते, नष्ट करायचे आहेत असं स्पष्ट सांगितलं तरच चालते. पण घाईत माणूस सांगून टाकतो. मग कळतं की रविवारच्या ऐवजी सोमवारचा हवा होता, आणि तो आता नाही. आधी त्या स्नॅपशॉटचा क्लोन, म्हणजे त्याच्यावरून वेगळी उघडता येणारी जोड, करा. क्लोनही सेकंदात होतो, सुरुवातीला जागा घेत नाही, आणि त्यात लिहिताही येतं. तो वेगळ्या नावाने उघडून पाहा, चार फाइली तपासा, मगच पुढचं ठरवा.

लोअरपरळ

मी सीए आहे, फोर्टला ऑफिस. आमची टॅली नॅसवर आहे, आठ जण एकदम काम करतात. एंट्री चालू असताना स्नॅपशॉट घेतला गेला तर तो डेटा उघडेल का?

तारकर्ली

त्या क्षणी वीज गेली असती तर डेटा जसा उरला असता, तसा तो स्नॅपशॉट असतो. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस, त्याचा डेटा आणि लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, एकाच स्नॅपशॉटमध्ये असतील तर, लॉग वाचून स्वतःला सावरून घेतो. सगळेच प्रोग्रॅम तितके सावरतील असं धरून चालू नका. टॅलीसाठी संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचाच बॅकअप नॅसवरच्या एका फोल्डरमध्ये घ्या आणि अर्ध्या तासाने त्या शेअरचा स्नॅपशॉट लावा. दिवसाचे तासातासाचे असू द्यात, पण भरवसा रात्रीच्या त्या एकावर.

लोअरपरळ

समजलं. मार्चअखेरीला नऊनंतरही लोक बसलेले असतात, तेव्हा वेळ साडेअकराची करतो.

कलिना जुनी

एवढं सगळं वाचलं, पण मुंबईत राहून पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचं ऑफिस कलिन्याला तळमजल्यावर होतं. सर्व्हर टेबलाखाली जमिनीवर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा दोन्ही चिखलात होतं. अठरा वर्षांचं काम. काही ग्राहकांनी कागदावरच्या प्रती परत दिल्या, त्यांचे उपकार मी आजही मानतो.

स्नॅपशॉट त्याच डिस्कांवर असतात. डबा बुडाला, जळला किंवा चोरीला गेला की स्नॅपशॉटही गेले. कृपा करून दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. डबा टेबलाखाली ठेवू नका हे तर वेगळं सांगायला नकोच.

उंबरठा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. आमचा दुसरा डबा पुण्याला सरांच्या भावाच्या घरी आहे. स्नॅपशॉटचा इथे खूप उपयोग होतो, कारण दोन स्नॅपशॉटमध्ये जेवढा फरक तेवढाच रात्री पाठवला जातो. आमचा रोजचा फरक काही जीबीचाच असतो.

पहिली पूर्ण प्रत मात्र नेटवरून पाठवायच्या फंदात पडू नका. आमचे सहा टीबी होते. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस धरला तर मध्ये एकदाही न तुटता अकरा दिवस लागतात. मी दुसरा डबा आधी दादरच्या ऑफिसात आणून इथल्या नेटवर्कवर भरला आणि डेक्कन क्वीनने मांडीवर घेऊन पुण्याला गेले. तिथे जोडल्यापासून फक्त फरक जातो.

पुण्याच्या डब्याचा ॲडमिन पासवर्ड वेगळा आहे. पुण्याचा डबा मुंबईकडून ओढून घेतो, मुंबईकडे पुण्याची किल्ली नाही. करंजा यांनी घानाचं उदाहरण दिलं, तेव्हा हेच डोळ्यासमोर आलं.

मोरावळा

घरच्यासाठी विचारते. आईचे जुने फोटो स्कॅन करून दोन डिस्कांच्या छोट्या डब्यात ठेवलेत. आई गेल्या वर्षी गेली. त्यात स्नॅपशॉटचा पर्यायच दिसत नाही.

तारकर्ली

मोरावळाताई, स्वस्त मॉडेलांत बहुधा ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम असते, त्यात ही सोय मुळात नाही. स्टोरेजच्या पानावर फाइल सिस्टिमचं नाव बघा. मॉडेलला बीटीआरएफएस चालत असेल तर व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कांवरची साठवणीची जागा, नव्याने करावा लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसलं जाईल. आधी सगळे फोटो बाहेरच्या दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवा, उघडून पाहा, मगच तिकडे वळा. मॉडेलला चालत नसेल तर डबा आहे तसा राहू द्या. बदल न होणाऱ्या फोटोंसाठी त्या दोन डिस्का, एक तुमच्याकडे आणि एक नातेवाइकांकडे, पुरेशा आहेत. डिस्का आजच घ्या, बाकीचं सावकाश.

निवडुंग

परत आलो. तारकर्लींच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांपूर्वी स्नॅपशॉट चालू केले. साडेतीन टीबीच्या डेटावर आतापर्यंत १४० जीबी अडकलेत. विनाकारण घाबरलो होतो.

काल शनिवारी अर्धा दिवस होता म्हणून सराव करून पाहिला. एक जुनं कोटेशन मुद्दाम पुसलं आणि परत आणायला बसलो, तर दोन ठिकाणी अडलो. विंडोजमध्ये फाइलीवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स बघायचं असं वाचलं होतं, पण फाइल पुसलेली, मग टिचकी मारणार कशावर? दुसरं म्हणजे नॅसवर आत शिरून पाहिलं तर अकराचा स्नॅपशॉट दिसेना, साडेपाचचा दिसत होता. मी साडेपाचला लावलेलाच नाही.

उंबरठा

फाइल पुसलेली असेल तर ती ज्या फोल्डरमध्ये होती त्या फोल्डरवर टिचकी मारा, तिथले प्रीव्हियस व्हर्जन्स उघडा. तिथेही रिस्टोअर दाबू नका, ओपन करून फाइल बाहेर ओढा.

साडेपाचचा तो अकराचाच आहे. काही डब्यांत स्नॅपशॉटच्या नावात ग्रीनिचची वेळ असते. साडेपाच तास मिळवा.

निवडुंग

सापडलं. कोटेशन परत आलं, तारीख आणि आकार जुळला. शोधण्यात पाऊण तास गेला होता, आता दुसऱ्या फाइलीवर करून पाहिलं तर चार मिनिटं लागली. सोमवारी स्टोअरच्या पोरालाही बसवून दाखवतो, मी गावाला असलो तर त्याला जमलं पाहिजे.